ब्रेक्झिट: जिंकलेलेही नाराज, हरलेलेही नाराज – एका सार्वमताचा प्रकरण अभ्यास

२३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या मतदारांच्या हाती जी मतपत्रिका आली, तिच्यावर एकच प्रश्न होता: युनायटेड किंगडमनं युरोपीय संघाचं सदस्य राहावं की संघ सोडावा? खाली दोन चौकटी. एकीत फुली मारायची आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी निकाल आला. सोडावा म्हणणारे १,७४,१०,७४२. राहावं म्हणणारे १,६१,४१,२४१. टक्केवारीत ५१.९ आणि ४८.१. मतदान ७२.२ टक्के झालं होतं, म्हणजे त्याच्या आदल्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीपेक्षाही जास्त.

अटीतटीचे निकाल जगात सगळीकडे लागतात. हरलेला पक्ष काही दिवस धुसफुसतो, मग पुढच्या निवडणुकीच्या तयारीला लागतो. ब्रिटनमध्ये तसं घडलं नाही. २०१९च्या मार्चमध्ये ‘पुन्हा मत घ्या’ म्हणणारे लाखो लोक लंडनच्या रस्त्यांवर उतरले, आणि त्याच आठवड्यात ‘आमचं मत चोरलं’ म्हणणारे संसदेसमोरच्या चौकात जमले. हरलेल्यांचा राग समजण्यासारखा आहे. जिंकलेले का चिडले होते? या प्रकरणाचा गाभा मला इथे दिसतो. माझं मत असं की निसटता फरक हे या संतापाचं दुय्यम कारण आहे. निघायचं का, एवढंच लोकांना विचारलं गेलं. जायचं कुठे, हे विचारलंच नाही. आणि त्या कौलाचा अर्थ कुणी लावायचा, हेही आधी ठरवलं नाही. पुढची साडेतीन वर्षं याच दोन उणिवांची किंमत मोजण्यात गेली.

इथवर कसे आले

ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी तेव्हाच्या युरोपीय आर्थिक समुदायात गेला. दोनच वर्षांत, जून १९७५ मध्ये, राहायचं का यावर पहिलं सार्वमत झालं आणि ६७ टक्क्यांनी ‘राहू’ म्हटलं. त्यानंतर चाळीस वर्षं हा विषय मुख्यतः हुजूर पक्षाच्या घरातलं भांडण होता. पुढे नायजेल फराज यांचा, संघ सोडण्याची मागणी करणारा युकिप पक्ष वाढला, २०१४च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत तो पहिला आला आणि हुजूर पक्षाचे मतदार त्याच्याकडे सरकू लागले. त्याआधीच, जानेवारी २०१३ मध्ये, पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी सार्वमताचं आश्वासन देऊन ठेवलं होतं. २०१५ मध्ये त्यांना अनपेक्षित बहुमत मिळालं आणि आश्वासन पाळणं भाग पडलं.

त्या २०१५च्या निवडणुकीतला एक आकडा नीट पाहिला पाहिजे. युकिपला ३८ लाखांहून अधिक मतं पडली आणि खासदार निवडून आला एक. आपल्यासारखीच तिथेही ज्याला सर्वाधिक मतं तो निवडून येतो. त्यामुळे ज्या मतदारसंघात वर्षानुवर्षं एकाच पक्षाचं राज्य, तिथल्या दुसऱ्या मताला किंमत नसते. सार्वमतात मात्र प्रत्येक मत सारखं मोजलं जाणार होतं. उत्तर इंग्लंडमधल्या बंद पडलेल्या खाणींच्या गावांत, पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत, वेल्सच्या दऱ्यांत अनेकांना आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की आपल्या फुलीनं खरंच काहीतरी हलेल. पुढे हेच लोक एवढे का बिथरले, हे या भावनेशिवाय समजत नाही.

नियमांतली भगदाडं

सार्वमताचा कायदा २०१५ मध्ये झाला. कायद्याच्या भाषेत हे सार्वमत सल्लावजा होतं. निकालाची अंमलबजावणी करण्याचं बंधन त्यात कुणावरही नव्हतं. दुसरीकडे सरकारनं जवळपास पावणेतीन कोटी घरांत जी पुस्तिका पाठवली, तिच्यात स्पष्ट छापलं होतं की निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही जो द्याल तो सरकार अमलात आणेल. कायदा एक सांगत होता, पंतप्रधान दुसरंच. निकालानंतर दोन्ही बाजूंनी आपापल्या सोयीचा कागद पुढे केला. एक म्हणाला, ‘हा तर फक्त सल्ला.’ दुसरा म्हणाला, ‘तुम्ही लेखी शब्द दिला होता.’ दोघांचंही म्हणणं खरं होतं.

किमान किती मतं हवीत, याचीही अट नव्हती. ही अट ब्रिटनला अनोळखी नव्हती. १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतंत्र विधानसभा द्यावी का यावर मत घेतलं, तेव्हा एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार हवा असा नियम होता. मतदान करणाऱ्यांपैकी ५१.६ टक्के ‘हो’ म्हणाले, पण एकूण मतदारांच्या हिशेबात ते ३३ टक्क्यांच्या आतच भरले आणि प्रस्ताव बारगळला. स्कॉटिश लोकांच्या मनात तो सल कित्येक वर्षं राहिला. म्हणजे अट घातली की सगळे खूश होतात असं मुळीच नाही. तरीही अट असली की लोक नियमावर रागावतात, शेजाऱ्यावर नाही. आणि नियमाला आधी सगळ्यांनी मान्यता दिलेली असते.

स्कॉटिश नॅशनल पार्टीनं २०१५ मध्येच मागणी केली होती की इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड या चारही घटकांनी होकार दिला तरच संघ सोडावा. संसदेनं ती फेटाळली. वर्षभरानं निकाल आला तो असा: इंग्लंड ५३.४ आणि वेल्स ५२.५ टक्क्यांनी ‘सोडा’, स्कॉटलंड ६२ आणि उत्तर आयर्लंड ५५.८ टक्क्यांनी ‘राहा’. एक राजकीय संघ सोडताना ब्रिटनच्या स्वतःच्या संघाला तडे गेले. स्कॉटलंडमध्ये अनेकांना २०१४ आठवलं. स्वतंत्र व्हायचं का यावर तेव्हा मतदान झालं होतं आणि ‘ब्रिटनमध्ये राहिलात तरच युरोपात राहाल’ असा प्रचार झाला होता. त्या भरवशावर ‘राहू’ म्हणणाऱ्यांना आता त्यांच्या मताविरुद्ध युरोपातून बाहेर नेलं जात होतं.

मत कुणाला, कुणाला नाही

मराठी वाचकाच्या फारसा कानावर न आलेला हा भाग आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो.

मतदानाचा अधिकार ब्रिटिश, आयरिश आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना होता. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे पुण्याहून कामाच्या व्हिसावर गेलेला, भारतीय पासपोर्ट बाळगणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर मतदार यादीत नाव घालून या सार्वमतात मत देऊ शकत होता. वीस-पंचवीस वर्षं लंडनमध्ये संसार केलेली इटालियन परिचारिका किंवा पोलिश सुतार मात्र देऊ शकत नव्हता. युरोपीय देशांपैकी आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस यांच्याच नागरिकांना मत होतं. ब्रिटनमधल्या सुमारे तीस लाख युरोपीय नागरिकांच्या राहण्या-कमावण्याचा निवाडा त्यांच्याविना होत होता. पंधरा वर्षांहून जास्त काळ परदेशात राहिलेल्या ब्रिटिशांनाही मत नव्हतं. स्पेनमध्ये निवृत्तीचं आयुष्य घालवणारे अनेकजण त्यांत होते.

गोव्याच्या लोकांची गत तर याहून विचित्र झाली. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज कायद्यानं लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. हजारो गोवेकरांनी ते घेतलं, भारतीय नागरिकत्व सोडलं आणि युरोपीय नागरिक म्हणून ब्रिटनची वाट धरली. स्विंडन, साउथॉल, हाउन्सलो, लेस्टर इथे त्यांच्या वस्त्या झाल्या. आता कल्पना करा: सासष्टीतल्या एकाच वाड्यावरचे दोघे स्विंडनला शेजारी राहतात. एकाकडे भारतीय पासपोर्ट आणि व्हिसा आहे, त्याला मत आहे. दुसऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. त्याचं तिथलं सगळं बस्तान युरोपीय संघाच्या मुक्त संचाराच्या हक्कावर उभं आहे, आणि नेमकं त्यालाच मत नाही. स्विंडननं ‘सोडा’च्या बाजूनं कौल दिला.

दक्षिण आशियाई मतदारांकडे ‘सोडा’वाल्यांचं वेगळं लक्ष होतं. युरोपातून येणारी गर्दी थांबली की राष्ट्रकुलातल्या माणसांना व्हिसा मिळणं सोपं होईल, करी हाउसना हवे तसे आचारी आणता येतील, असं सांगितलं गेलं. प्रीती पटेल यांच्यासारख्या भारतीय वंशाच्या मंत्री त्यात पुढे होत्या. म्हणून ‘स्थलांतरितांनी राहा म्हटलं आणि गोऱ्यांनी सोडा म्हटलं’ ही मांडणी अपुरी आहे. भारतीय वंशाचे बरेच लोक राहणाऱ्या स्लाव शहरातही ‘सोडा’लाच बहुमत मिळालं.

प्रचार

‘सोडा’च्या लाल बसवर लिहिलं होतं की आपण युरोपीय संघाला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते आपल्या आरोग्यसेवेला देऊ. ब्रिटनला मिळणारी सवलत या आकड्यातून वजाच केली नव्हती. ते पैसे मुळात पाठवलेच जात नव्हते. देशाच्या सांख्यिकी प्राधिकरणानं हा आकडा दिशाभूल करणारा आहे असं जाहीरपणे सांगितलं. बस फिरतच राहिली.

‘राहा’ची बाजूही निर्मळ नव्हती, हे लिहिलं नाही तर अभ्यास एकतर्फी होईल. अर्थखात्यानं इशारा दिला होता की ‘सोडा’ म्हटलं तर वर्षभराची मंदी येईल आणि पाच लाख नोकऱ्या जातील. अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी ३० अब्ज पौंडांची करवाढ आणि कपात असलेल्या तातडीच्या अर्थसंकल्पाची धमकी दिली. पौंड कोसळला हे खरं, तीस वर्षांतला नीचांक गाठला. पण मंदी आली नाही, तो अर्थसंकल्पही आला नाही. ज्यांनी भीतीला न जुमानता मत दिलं होतं, त्यांनी पुढे तज्ज्ञांचा प्रत्येक इशारा ‘पुन्हा घाबरवताहेत’ म्हणून झटकला. त्यात खरे इशारेही गेले.

मतदानाला आठवडा असताना, १६ जूनला, मजूर पक्षाच्या खासदार जो कॉक्स यांचा यॉर्कशरमधल्या बर्स्टॉल गावात भररस्त्यात खून झाला. मारेकरी अतिउजव्या विचारांचा होता. प्रचार तीन दिवस थांबला. ही घटना या प्रकरणातली एक ओळ म्हणून उरकू नये असं मला मनापासून वाटतं. आपल्या मतदारांच्या अडचणी ऐकायला गेलेली एक्केचाळीस वर्षांची, दोन लहान मुलांची आई असलेली लोकप्रतिनिधी मारली गेली आणि देशानं तिच्या मृत्यूपासून काही शिकायच्या आत पुन्हा घोषणा सुरू केल्या.

निकालानंतर

२४ जूनच्या सकाळी कॅमरन यांनी राजीनामा जाहीर केला. ‘सोडा’ जिंकलं तर काय करायचं याची तयारी सरकारनं करू दिली नव्हती. संसदेच्या परराष्ट्र समितीनं पुढे त्यावर कडक ताशेरे ओढले. जिंकलेल्या बाजूचे नेतेही जबाबदारी घ्यायला उभे नव्हते. बोरिस जॉन्सन नेतेपदाच्या शर्यतीतून आठवडाभरात बाहेर पडले. फराज यांनी पक्षाचं नेतृत्व सोडलं. पंतप्रधानपदी आल्या थेरेसा मे, ज्यांनी स्वतः ‘राहा’ला मत दिलं होतं.

दुसरं सार्वमत घ्या, अशी संसदेच्या संकेतस्थळावरची याचिका चाळीस लाखांहून अधिक सह्यांवर गेली. विजेत्या बाजूला ६० टक्के मतं आणि एकूण मतदान ७५ टक्के नसेल तर फेरमतदान व्हावं, अशी तिची मागणी होती. ती मतदानाच्या आधी तयार झाली होती आणि करणारा ‘सोडा’चा समर्थक होता, आपली बाजू हरेल असं त्याला वाटत होतं. फराज यांनीही मे महिन्यात सांगून ठेवलं होतं की ५२-४८ असा निकाल लागला तर विषय संपणार नाही. त्यांच्या मनात तेव्हा ५२ ‘राहा’ होते. म्हणजे निसटत्या निकालानं प्रश्न सुटत नाही, हे दोन्ही बाजूंना मतदानापूर्वी पटलेलं होतं. नियम करायची तीच वेळ होती.

‘हे लोक फसले, त्यांना कळलंच नाही’ असं हरलेल्या बाजूनं सतत म्हटलं. मला हा सूर त्या वेळीही खटकला आणि आजही खटकतो. लिंकनशरमधल्या बॉस्टन गावात ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘सोडा’ म्हटलं. तिथे पूर्व युरोपातून शेतमजूर मोठ्या संख्येनं आले होते. घरभाडी, शाळा, दवाखाने यांवरचा ताण खरा होता आणि वर्षानुवर्षं कुणी तो ऐकून घेतला नव्हता. वेल्समधल्या ब्लायनाय ग्वेंटमध्ये पोलादाचा कारखाना बंद झाल्यापासून युरोपीय निधीतून रस्ते झाले, महाविद्यालय झालं, तरी ६२ टक्के ‘सोडा’ म्हणाले. रस्ते आले, पण कारखान्यासारखं काम आलं नाही. ही माणसं आपल्या परिस्थितीवर मत देत होती. प्रश्न युरोपचा होता आणि उत्तर लंडनला होतं, असं फार तर म्हणता येईल.

संसद अडकते

‘सोडा’ला मत देणाऱ्यांत युरोपच्या एकल बाजारपेठेत (जिथे माल, सेवा, भांडवल आणि माणसं एका नियमाखाली मोकळेपणी फिरतात) राहून फक्त राजकीय संघातून बाहेर पडू इच्छिणारे होते, तसेच सगळेच संबंध तोडू इच्छिणारेही होते. प्रचारात कुणी नॉर्वेचा दाखला दिला, कुणी स्वित्झर्लंडचा, कुणी कॅनडाचा. या तिन्ही देशांचे युरोपशी असलेले करार एकमेकांपासून फार वेगळे आहेत. १ कोटी ७४ लाखांनी यांपैकी नेमकं काय निवडलं, हे मोजायला मतपत्रिकेवर जागाच नव्हती.

मे यांनी जानेवारी २०१७ मध्ये स्वतःच उत्तर ठरवलं: एकल बाजारपेठही सोडायची आणि कस्टम्स युनियनही, म्हणजे आपसात जकात नाही आणि बाहेरच्यांना सगळ्यांची एकच जकात ही व्यवस्था. २९ मार्च २०१७ रोजी त्यांनी बाहेर पडण्याची नोटीस दिली. तिथून दोन वर्षांची मुदत सुरू झाली. त्याआधी नोटीस संसदेला विचारून द्यावी की परस्पर, यावर खटला झाला होता. संसदेला विचारा, असं उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०१६ मध्ये सांगितलं तेव्हा ‘डेली मेल’नं तीन न्यायाधीशांचे फोटो छापून वर ‘जनतेचे शत्रू’ असा मथळा दिला. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारीत ८ विरुद्ध ३ असा तोच निर्णय कायम ठेवला. ज्या बाजूनं ‘आमच्या संसदेचं सार्वभौमत्व परत आणू’ म्हणत मतं मागितली, तिच्यातल्या अनेकांना संसदेला विचारणं हा दगा वाटला. लोकांनी थेट दिलेला कौल मोठा की लोकांनी निवडलेली संसद मोठी, याचं उत्तर ब्रिटनच्या अलिखित राज्यघटनेत तयार नव्हतं.

जून २०१७ मध्ये मे यांनी मुदतपूर्व निवडणूक घेतली आणि होतं ते बहुमत घालवलं. आता उत्तर आयर्लंड ब्रिटनचाच भाग राहावा म्हणणाऱ्या तिथल्या डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांवर सरकार टेकलं, आणि खरी गाठ नेमकी उत्तर आयर्लंडमध्येच होती. आयर्लंड बेटावर दोन देशांमधली सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आहे. तीस वर्षांच्या रक्तपातानंतर १९९८च्या गुड फ्रायडे करारानं तिथे शांतता आली; पहारे गेले, लोक सकाळी या देशातून त्या देशात कामाला जाऊ लागले. मे यांनी तीन शब्द दिले होते: कस्टम्स युनियन आणि एकल बाजारपेठ सोडू, आयर्लंडच्या सीमेवर तपासणी नाके येणार नाहीत, आणि उत्तर आयर्लंड व उरलेल्या ब्रिटनमध्येही नाके येणार नाहीत. यांतले कुठलेही दोन पाळता येतात. तिन्ही एकदम पाळता येत नाहीत. जून २०१६ मध्ये जॉन मेजर आणि टोनी ब्लेअर हे दोन माजी पंतप्रधान, दोन विरोधी पक्षांचे, एकत्र डेरी शहरात जाऊन हाच धोका सांगून आले होते. इंग्लंडमध्ये त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

बाहेर पडण्यासाठी मे यांनी युरोपीय संघाशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, आला आणि ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. आधुनिक काळात कुठल्याही ब्रिटिश सरकारचा एवढ्या फरकानं पराभव झाला नव्हता. हुजूर पक्षाच्याच ११८ खासदारांनी विरोधात मत दिलं. १२ मार्चला तो १४९ मतांनी पडला. २९ मार्चला, म्हणजे देश बाहेर पडायचा ठरलेल्या दिवशीच, ५८ मतांनी. विरोध दोन टोकांकडून होता. ‘राहा’वाल्यांना करार फार तोडणारा वाटला आणि कडव्या ब्रेक्झिटवाद्यांना पुरेसा न तोडणारा.

मग खासदारांनी कामकाज स्वतःच्या हाती घेऊन पर्यायांवर मतदान केलं. २७ मार्चला आठ पर्याय, आठही पडले. १ एप्रिलला चार, तेही पडले. कस्टम्स युनियनमध्ये राहण्याचा पर्याय २७३ विरुद्ध २७६, अवघ्या तीन मतांनी. करार पुन्हा लोकांसमोर न्यावा हा पर्याय २८० विरुद्ध २९२. कशाकशाला नाही म्हणायचं हे सभागृहाला ठाऊक होतं, हो कशाला म्हणायचं हे नव्हतं. २०१६च्या मतपत्रिकेवर न विचारलेला प्रश्न तीन वर्षांनी साडेसहाशे खासदारांच्या गळ्यात पडला होता.

बाहेर संताप उफाळला होता. ‘नोटीस मागे घ्या’ या याचिकेवर साठ लाखांहून अधिक सह्या झाल्या. दुसरीकडे सण्डरलँडहून पायी निघालेले ब्रेक्झिट समर्थक २९ मार्चला लंडनला पोचले. सण्डरलँड हे निकालाच्या रात्री ‘सोडा’चा पहिला मोठा विजय देणारं शहर, आणि त्याला निसानच्या मोटार कारखान्याचा आधार. या माणसांनी संसदेवर विश्वास ठेवून तीन वर्षं वाट पाहिली होती. देश अजून बाहेर पडला नव्हता, म्हणून मे महिन्यात युरोपीय संसदेची निवडणूक घ्यावी लागली. ज्या संघातून बाहेर पडायला मत दिलं त्याच संघाच्या निवडणुकीत पुन्हा मत द्यायचं. फराज यांचा जेमतेम काही महिन्यांचा ब्रेक्झिट पक्ष २९ जागा घेऊन पहिला आला. सत्ताधारी हुजूर पक्षाला दहा टक्केसुद्धा मतं मिळाली नाहीत.

मतदानच वैध होतं का, हा वाद वेगळाच पेटला. निवडणूक आयोगानं जुलै २०१८ मध्ये ठरवलं की ‘व्होट लीव्ह’ या अधिकृत मोहिमेनं ७० लाख पौंडांची खर्चमर्यादा जवळपास पाच लाखांनी ओलांडली. दंड झाला ६१ हजार पौंड. ‘राहा’कडच्या काहींनाही खर्चाच्या नोंदींसाठी दंड झाले, पण रकमा लहान होत्या. सार्वमत रद्द करा, अशी याचिका न्यायालयात टिकली नाही. दंड भरला की खाडाखोड मिटली, असं हरलेल्या बाजूला कधीच वाटलं नाही.

गोव्याचा कौल

हे सगळं वाचताना मराठी माणसाला १६ जानेवारी १९६७ आठवल्याशिवाय राहत नाही. गोव्यानं महाराष्ट्रात विलीन व्हावं की संघप्रदेश म्हणून वेगळं राहावं, यावर जनमत कौल झाला. फूल आणि दोन पानं अशी चिन्हं होती. संघप्रदेशाला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०, फरक ३४,०२१. तो कौलही चुरशीचा होता, घराघरांत भांडणं लावणारा होता, आणि विलीनीकरणवाद्यांच्या मनाला तो फार लागला.

दोन्ही प्रकरणं एका मापानं मोजता येत नाहीत. एका छोट्या प्रदेशाचं भारताच्या आतलं स्थान ठरवणं आणि चाळीस वर्षांचे कायदे-करार उलगडून बाहेर पडणं यांत मोठं अंतर आहे. तरी दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, तिथे दोन्ही चिन्हांमागे ओळखीची व्यवस्था होती. महाराष्ट्र म्हणजे काय आणि संघप्रदेश म्हणजे काय, हे मतदार डोळ्यांनी पाहत होता. निकालानंतर अर्थ लावत बसावं लागलं नाही. दुसरी, विलीनीकरणाच्या बाजूच्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं कौलाआधी राजीनामा दिला आणि मतदान राष्ट्रपती राजवटीत झालं. कौल हरलेल्या त्याच बांदोडकरांना लोकांनी दोन-तीन महिन्यांत विधानसभेत पुन्हा निवडून दिलं, आणि त्यांनी संघप्रदेशाचा कारभार केला. दुखावलेल्या बाजूला राज्यकारभारात मानाची जागा राहिली. भाषेचा वाद पुढे वीस वर्षं धुमसला, १९८७ मध्ये कोकणी राजभाषा झाली आणि गोवा राज्य झालं; मात्र १९६७चा कौल खरा की खोटा, यावर सरकारं पडली नाहीत.

कोंडी फुटली, राग उरला

जुलै २०१९ मध्ये जॉन्सन पंतप्रधान झाले. त्यांनी संसद पाच आठवडे स्थगित केली. ११ न्यायाधीशांच्या सर्वोच्च न्यायालयानं २४ सप्टेंबरला एकमुखानं ती कृती बेकायदा ठरवली. १२ डिसेंबरच्या निवडणुकीत ‘ब्रेक्झिट उरकून टाकू’ एवढ्या एका वाक्यावर त्यांनी ३६५ जागा मिळवल्या. या विजयाकडे मी थकव्याचा कौल म्हणून पाहतो. हुजूर पक्षाची मतं ४३.६ टक्के होती आणि दुसरं सार्वमत घ्यायला तयार असलेल्या पक्षांची मिळून निम्म्याहून किंचित जास्त. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला.

आयर्लंडची गाठ जॉन्सन यांनी तिसरा शब्द मोडून सोडवली: तपासणी समुद्रात, उत्तर आयर्लंड आणि ब्रिटनच्या मध्ये. ज्या डीयूपीनं ब्रेक्झिटसाठी जिवाचं रान केलं, तिचेच मतदार आता आपल्याला देशातून तोडलं म्हणून चिडले आणि तिथलं प्रादेशिक सरकार दोन वर्षं ठप्प राहिलं. स्विंडनमधला होंडाचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला. कंपनीनं ब्रेक्झिट हे कारण नाकारलं, पण गावात त्यावर एकमत कधी झालं नाही. तिथल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोवेकरांना राहण्याच्या हक्कासाठी नव्यानं अर्ज करावे लागले, आणि मुदतीनंतर येऊ पाहणाऱ्या त्यांच्या भावंडांना तो रस्ता बंद झाला. स्थलांतर कमी व्हावं म्हणून ‘सोडा’ म्हटलेल्यांच्या वाट्याला याउलट आलं: जून २०२३ अखेरच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या वर गेलं, आणि नव्यानं आलेल्यांत सर्वाधिक भारतीय होते. परिचारिका, वृद्धांची काळजी घेणारे, विद्यार्थी. बॉस्टनमधल्या ज्या माणसानं २०१६ मध्ये फुली मारली, त्याला याचा अर्थ काय सांगायचा?

गेली काही वर्षं जनमत चाचण्यांत ‘तो निर्णय चुकला’ म्हणणारे सातत्यानं जास्त निघतात. तरी २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षानं जाहीरनाम्यातच लिहून टाकलं की एकल बाजारपेठ, कस्टम्स युनियन आणि मुक्त संचार यांकडे परत जाणार नाही. १९ मे २०२५ रोजी पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी लंडनमध्ये युरोपीय संघाशी नवा समझोता केला. अन्नपदार्थांच्या निर्यातीवरची कागदपत्रं आणि तपासण्या कमी करण्याचं ठरलं, आणि त्यासोबत युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात मासेमारीची मुभा आणखी बारा वर्षं, २०३८ पर्यंत, मिळाली. हुजूर पक्ष आणि फराज यांनी त्याच दिवशी याला शरणागती म्हटलं, युरोपशी जवळीक हवी असलेल्या लिबरल डेमोक्रॅट्स पक्षानं कस्टम्स युनियनची मागणी पुन्हा पुढे केली, आणि २०१६ मध्ये ‘आपलं पाणी परत मिळेल’ या आशेवर मत दिलेल्या बंदरांतल्या मच्छीमार संघटनांनी आपला पुन्हा विश्वासघात झाल्याचं सांगितलं.